कापलेली सावली

३ जून

शेवटी हो म्हणाले. तीन दिवस त्यांच्या फाटकाबाहेर उभी राहून पायांचे तुकडे पडले, पण चित्रकलेचे कासिमाली अगाय, म्हणजे सर, हो म्हणाले.

गेल्या वर्षी कला महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेत मला बुडवलं ते यांनीच. समितीत तिघं असतात. दोघांनी बरे मार्क दिले होते, यांनी शून्य. "या कागदावर काहीच नाही," एवढंच म्हणाले म्हणे. वर्षभर मी त्या वाक्यावर जळले आणि मग ठरवलं, काट्याने काटा काढायचा. ज्याला माझ्या कागदावर काही दिसलं नाही त्याच्याकडेच जाऊन शिकायचं. अपाला, माझ्या आईला, फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "तुझं डोकं बापावर गेलंय."

अगायांनी पहिल्याच दिवशी बजावलं. "परीक्षेत कागदावर नाव नसतं, नुसता नंबर. मी शिकवलं म्हणून मार्क मिळतील असं वाटत असेल तर आत्ताच घरी जा."

"मला मार्क नकोत, शिकायचंय," मी म्हटलं. साफ खोटं. मला मार्क हवेत. या वेळी नाही जमलं तर पंधरा जुलैची गाडी परमुलखात, नोवोसिबिर्स्कला, जाते आणि तिच्यात माझी जागा आहे. धाकट्या भावाने, तिलेकने, तिथल्या गोदामात माझ्यासाठी खोकी भरायचं काम बघून ठेवलंय. परीक्षा सहा जुलैला. तेहतीस दिवस.

५ जून

भर दुपारी खिडक्यांची दारं लावून घेतात. बाहेर बिश्केक शहर भाजून निघतंय आणि आम्ही अंधारात एका दिव्यासमोर. टेबलावर मातीचा कुंजा, पाव, दोन सफरचंदं, मागे राखाडी कापड. दिवा डावीकडून, इतका जवळ की कापडाला करपल्याचा वास येतो.

"खिडकी थोडी उघडू का?" मी विचारलं.

"एका वस्तूला एकच उजेड. दोन उजेड म्हणजे दोन नवरे. घरात कुणालाच सुख नाही."

उल्कान एजे, त्यांची बायको, दारातच बसून लोकर विंचरत होत्या. त्या हसल्या. "तुम्हाला एकच बायको जड झाली, दोन नवऱ्यांचं काय सांगता!"

चित्र सुरू करायच्या आधी अगाय प्रत्येक वस्तूवरून हात फिरवतात. मलाही फिरवायला लावतात. आधी हाताला कळलं पाहिजे म्हणतात. बरं. पण दोन तास बसून काढलेल्या माझ्या कागदाला मात्र त्यांनी हात लावला नाही. दुसरे शिक्षक आपली पेन्सिल हिसकावतात, कोपऱ्यात दुरुस्ती करून दाखवतात. यांनी लांबूनच सांगितलं, "फिकं. गेल्या वर्षीच्या सगळ्या पोरांसारखं फिकं. काळं कर." माझा कागद त्यांच्या पेन्सिलीच्या लायकीचा नाही, दुसरं काय.

९ जून

"काळं कर."

१० जून

"अजून काळं." सगळ्यांत मऊ पेन्सिल संपत आली. मी जिच्याकडे राहते ती मावशी म्हणते, तुझे हात कोळशाच्या गाडीवरच्या माणसासारखे झालेत, पीठ मळायला बसू नकोस.

१३ जून

आज मी एक पाप केलं, इथेच कबूल करते. रात्रभर मावशीचा नातू रडत होता, झोप नाही, हात चालेना. म्हणून मी दहा तारखेचाच कागद काढून पुढे ठेवला. ज्याला त्यांनी "सावली आहे की शेणाचा पो" म्हटलं होतं, तोच.

अगाय थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "आज बरं आहे. आज हात मोकळा झालाय."

मला हसू आवरेना आणि रागही आला. म्हणजे मार्क त्यांच्या मनःस्थितीवर! पोट बिघडलं असेल तर शेण, बरं असेल तर हात मोकळा. अशा माणसाच्या हातात माझं वर्ष आहे.

एजेंनी चहा आणला. त्या नेहमी वाटी त्यांच्या हातात देतात, टेबलावर ठेवत नाहीत. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं कौतुक! माझ्या बापाला अपाने वाटी कधी हातात दिली असेल असं मला आठवत नाही.

१७ जून

सापडलं! काय हवंय ते मला सापडलं.

सावली काळी करायची म्हणजे तिला कड द्यायची. पेन्सिल घासत बसायचं नाही, आधी तिचा आकार ठरवायचा, सुरीने कापल्यासारखा, आणि मग तो भरून टाकायचा. हे मला कुणी शिकवायला नको. सहा वर्षांची असल्यापासून मी अपासोबत शिरदाक, म्हणजे लोकरीचे गालिचे, करते. दोन रंगांचे नमदे, दाबून घट्ट केलेल्या लोकरीचे थर, एकमेकांवर ठेवायचे, एकाच सुरीने नक्षी कापायची, मग काळ्यातली नक्षी पांढऱ्यात आणि पांढऱ्यातली काळ्यात बसवून शिवायची. एक चिंधी वाया जात नाही. काळं आणि पांढरं दोघांना सारखा मान.

आज कुंज्याची सावली तशीच कापली. कापडावर पडलेली एक आणि कुंज्याच्या पोटावरची दुसरी, दोन्ही एकमेकींत बसतील अशा. अगाय आत आले, दारातच थांबले आणि टाळी वाजवली.

"हे! हे इथून दिसतंय! बघ उल्कान, इथून!"

एजे कागदाजवळ आल्या. बराच वेळ बघत राहिल्या. "हो," म्हणाल्या, "फार काळं आहे."

त्यांना चित्रातलं काय कळतंय? मी आनंदाने घरी पायी गेले.

१८ जून

तिलेकचा फोन. मीही त्याची एजे, मोठी बहीण. "एजे, इथे खोक्यांचीही सावली पडते. ये, काढ हवी तेवढी."

"तूच काढ. मी पास होणार आहे," मी म्हटलं. पहिल्यांदाच असं छातीठोक बोलले. फोन ठेवल्यावर मात्र गाडीचं तिकीट जागेवर आहे ना ते बघून आले.

२३ जून

सात कागद झाले. प्रत्येक आधीच्यापेक्षा काळा, प्रत्येकाला शाबासकी. तेरा दिवस राहिले. अधूनमधून एक शंका येते. सफरचंद टेबलावर ठेवलेलं दिसत नाही, टेबलावर चिकटवलेलं दिसतं. अगायांना विचारलं. ते म्हणाले, "शंका काढण्यापेक्षा चित्र काढ." त्यांना तीस वर्षांचा अनुभव, मला तीन आठवड्यांचा. पुन्हा पेन्सिल उचलली.

२६ जून

अक्षर वाकडं येतंय.

आज महाविद्यालयात परीक्षेआधीचा सल्ल्याचा दिवस होता. कुणीही कागद घेऊन जावं, समितीतलं एक जण बघतं. आज चोल्पोन एजे होत्या, तिशीच्या असतील, तोंडाने फटकळ. माझे सातही कागद त्यांनी जमिनीवर मांडले, लांब उभ्या राहिल्या, मग विचारलं, "गाव कुठलं?"

"अत-बाशी."

"घरी शिरदाक करता?"

मला वाटलं कौतुक होणार. "हो," म्हटलं, "अपाचे शिरदाक लांब लांब जातात."

"मग ते करा. हे शिरदाक आहे, चित्र नाही. कुंजा गोल असतो ना गं? मग उजेडातून अंधारात जाताना मध्ये वाटेत काहीच लागत नाही? तू कड कापून मोकळी! आणि सावलीच्या आत टेबलाचा उजेड परत वर येतो, तो कुठाय? सगळं डांबर. कुणी शिकवलं तुला हे?"

मी नाव सांगितलं नाही. का, ते मला माहीत नाही. कदाचित लाज वाटली, माझी की त्यांची कोण जाणे.

"दहा दिवस आहेत," त्या म्हणाल्या. "हे काढलंस तर मी तुला पास करणार नाही. आत्ताच सांगते, मागून रडू नकोस."

मी ट्रॉलीबसच्या थांब्यावर बसून रडले. मागून नाही, आधीच.

२७ जून

आज जे झालं ते लिहायचं की नाही याचा विचार सकाळपासून करतेय. ही वही कुणी वाचत नाही. लिहिते.

कागद त्यांच्या टेबलावर आपटले. म्हटलं, "अगाय, तुम्ही मला वाट चुकवलीत. हे डांबर आहे. तुम्ही शाबासकी देत गेलात आणि मी काळं करत गेले!"

"कोण म्हणतं डांबर?"

"कोणीही म्हणेल! ही कड बघा. इथे, पोटावर. गोल वस्तूला अशी कड असते? बघा ना!" मी कागदावर बोट आपटत होते. अगाय माझ्याकडे बघत होते. कागदाकडे नाही, बोटाकडे नाही. माझा आवाज जिथून येत होता तिकडे, माझ्या कानाच्या थोडं बाजूला, खिडकीच्या लाकडाकडे.

"दिसतेय," ते म्हणाले. "चांगली कड आहे."

मी कागद हळूच खाली घेतला. ते तरीही तिथेच बघत राहिले.

"पोरी, पुरे कर," दारातून एजे म्हणाल्या.

दिव्याचा तेवढा बारीक आवाज येत होता. मग अगाय खाली बसले, खुर्ची हाताने चाचपून. इतके दिवस मी ते चाचपणं रोज बघत होते आणि त्याला शिक्षण समजत होते.

"किती दिवस?" मी विचारलं.

"तीन वर्षं," एजे म्हणाल्या. "आधी फिकं गेलं. आता गडद तेवढं दिसतं, तेही जवळून, भर उजेडात. कुणाला सांगू नकोस. तुझ्या पाया पडते. समितीची ती खुर्ची तीस वर्षांची आहे. ती गेली तर हा माणूस उठून बसणार नाही."

मला ओरडायचं होतं. माझे चोवीस दिवस तुमच्या खुर्चीपायी गेले, असं तोंडावर फेकायचं होतं. पण एजे उभ्या होत्या त्या हात जोडून, माझ्या अपाहूनही मोठ्या. मी "सांगणार नाही" म्हटलं.

निघताना अगायांनी एकदम विचारलं, "बुरुल, गेल्या वर्षी परीक्षेत तू कुठली पेन्सिल वापरली होतीस?"

"कठीण. मऊ पेन्सिलीने कागद घाण होतो म्हणून तेव्हा घाबरायचे."

त्यांचा चेहरा एकदम उतरला. आता पेन्सिलीवरून बोलणी बसणार असं वाटून मी चपला घातल्या आणि पळाले.

२८ जून

जायचं नाही असं ठरवलं होतं. दुसरा शिक्षक कुठून आणू आठ दिवसांसाठी? गेले.

अगायांनी आज खोटं काही केलं नाही. चाचपतच आले, चाचपतच बसले. म्हणाले, "डोळे मीट. कुंजा तासभर दिव्यासमोर आहे. हात लाव."

डावी बाजू चटका बसेल इतकी तापली होती.

"आता हात उजवीकडे ने. सावकाश. ऊब कुठे संपली तिथे थांब."

हात नेला. गरम, मग कमी गरम, मग कोमट. मागे थंड. पुन्हा नेला. पुन्हा.

"थांबलीस का नाही?"

"कुठे थांबू? ती अशी एका जागी संपतच नाही."

"मग कड कुठे काढलीस?" ते म्हणाले. आवाज रागाचा नव्हता. "आता टेबलाजवळ बोट ने, मागच्या बाजूला, खालून. थोडी ऊब आहे?"

होती. टेबल तापलं होतं आणि ते कुंज्याला खालून परत ऊब देत होतं. चोल्पोन एजे म्हणाल्या होत्या तो उजेड हाच. मी डोळे उघडले तर तो दिसला. पंचवीस दिवस तिथेच होता.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"आधी मला वाटत होतं की मी बघूनच शिकवतोय," अगाय म्हणाले.

राग गेला नाही. पण मी उद्याही जाणार आहे.

१ जुलै

रोज पाच तास. हात जुन्या वळणावर जातो. जरा दुर्लक्ष झालं की कड कापून मोकळा. आज चार कागद फाडले. एजे आता कागदाजवळ बसतात आणि त्यांना सांगतात, "हिने इथे करकरीत रेघ मारली." अगाय लगेच, "फाड!" दोघांनी मिळून माझी सासू झालीय.

४ जुलै

पाचवा कागद बरा आहे. सफरचंद उचलता येईल असं वाटतं. मावशीच्या नातवाने खरंच हात लावून बघितला आणि कागदावर बोटं उठवली. फटका द्यायला हात उचलला आणि पापा घेतला.

५ जुलै

आज परत येताना ट्रॉलीबसमध्ये ध्यानात आलं. उद्या समितीत अगाय आहेतच. तिघांतले एक. त्यांना फक्त काळं दिसतं. म्हणजे मी उद्या चांगलं चित्र काढलं तर त्यांना दिसणार नाही, आणि त्यांना दिसेल असं काढलं तर चोल्पोन एजे मला पास करणार नाहीत. तिसऱ्या माणसाचं काय ते देव जाणे. मध्यम मार्ग काढावा का? सगळं हलकं आणि एका जागी दणकट काळं, त्यांच्यापुरतं?

अगायांना विचारायला परत जाणार होते. मग वाटलं, काय विचारू? तुम्हाला दिसेल असं काढू का, असं?

६ जुलै

दहा ते चार. मोठी खोली, चौतीस मुलं. माझा नंबर एकवीस. पत्र्याची किटली, लाकडी वाटी, कांदा, पांढरं कापड. दिवा डावीकडून, पण लांब. सावल्या आमच्या टेबलावरच्यापेक्षा कितीतरी मवाळ. पहिली दहा मिनिटं मला काहीच सुचलं नाही.

डोळे मिटले. किटली माझ्यापासून पाच हातांवर, हात लावायला बंदी. मनातच लावला. मग काढत गेले.

बारा वाजता समिती फिरायला आली. पुढे चोल्पोन एजे, मध्ये एक दाढीवाले गृहस्थ, मागे अगाय, इस्त्रीचा कोट घालून, हात भिंतीला लागेल न लागेल असा. माझ्या मागून गेले. थांबले नाहीत. थांबणार कसे? मी बोलत नव्हते, आणि न बोलणारी मी त्यांना कोण?

तीन वाजता चित्र झालं होतं. खरंच झालं होतं. किटलीची सावली तिच्या बुडाशी घट्ट होती आणि लांब जाताना कापडात विरत होती. आणि तेव्हाच मी सगळ्यांत मऊ पेन्सिल हातात घेतली. एकच पट्टा. बुडापासून कापडाच्या टोकापर्यंत, काळा, करकरीत. त्यांना दारातून दिसेल असा. मी तो अर्धा ओढलाही.

मग बघितलं तर किटली मेली होती. पत्रा कापून चिकटवल्यासारखी.

वीस मिनिटं मी तो पट्टा खोडरबरने टिपत होते. घासलं असतं तर कागद फाटला असता. शेजारची पोरगी माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होती, हिचं गेलं म्हणून. हात घामाने ओले. चारला पाच मिनिटं असताना खालची जागा परत उजळली. तशीच नाही, पण किटली बसली टेबलावर.

मी शहाणपणा केला की मूर्खपणा, माहीत नाही. एक मत मी स्वतःच्या हाताने पुसून टाकलं एवढं नक्की. मावशी म्हणाली जेव. जेवण गेलं नाही.

७ जुलै

काही नाही. तिलेकने विचारलं, इकडे यायला लोकरीचे मोजे घेतलेस का. मी फोन आपटला.

९ जुलै

एकवीस नंबर यादीत आहे. खालून तिसरा, पण आहे. मी तीनदा वाचला, मग एका अनोळखी बाईकडून वाचून घेतला.

यादीखाली सही दोघांचीच होती. तिसरी जागा रिकामी. मी जिन्यात चोल्पोन एजेंना गाठलं. विचारलं, अगाय आजारी आहेत का.

"तू त्यांची कोण?"

"शेजारी," मी म्हटलं.

त्या कठड्याला टेकल्या. त्यांचा फटकळपणा आज कुठे गेला होता कोण जाणे. म्हणाल्या, "कागद जमिनीवर मांडले होते, नंबरवार. पहिले तीन त्यांनी बघितले, मार्क सांगितले. चौथ्यापाशी आले आणि थांबले. मग खाली गुडघ्यांवर बसले. मला वाटलं चक्कर आली. कागदाला नाक लागेल एवढे वाकले. आणि म्हणाले, 'मला इथे काही दिसत नाही. कागद कोरा आहे की माझे डोळे, हे मला ठरवता येत नाही. आधी ठरवता येतं असं मी समजत होतो. पहिल्या तिघांचे मार्कही खोडा आणि माझं नाव काढा.' आम्ही हात धरायला गेलो तर नको म्हणाले. भिंतीला धरून एकटेच गेले."

चौथा. माझा एकविसावा. माझ्या कागदापर्यंत ते आलेच नव्हते. वीस मिनिटं मी कुणासाठी घाम गाळत होते!

दुपारी त्यांच्याकडे गेले. खिडक्यांची दारं उघडी होती, खोलीभर ऊन. एजेंचे डोळे सुजले होते, पण त्यांनी मला दारातच मिठी मारली. मी पास झाल्याचं सांगितलं. अगाय म्हणाले, "चोल्पोनला फिकं कळतं. चांगली बाई आहे." मग वाटी हातात तशीच धरून बसून राहिले. चहा निवला. उठून बसणार नाही असं एजे म्हणाल्या होत्या, ते खरं होतंय की काय असं वाटायला लागलं.

"तो चौथा कुणाचा होता?" त्यांनी विचारलं.

"तलासच्या एका मुलाचा. पास झालाय, पहिल्या पाचांत. कागद बाहेर लावलेत, मी बघून आले."

"चांगला आहे?"

खोटं बोलावंसं वाटलं. "माझ्यापेक्षा चांगला," मी म्हटलं. "खूप हलका हात. जवळ जावं लागतं."

त्यांनी वाटी खाली ठेवली. टेबल कुठे आहे ते आधी बोटांनी शोधून, आम्हा दोघींच्या देखत. एजे पुढे झाल्या नाहीत.

"सांग," ते म्हणाले.

मी भराभर सुरू केलं. किटली अशी, कांद्याची साल तशी, कापडाला चार घड्या.

"थांब, थांब. घाई कसली? मला आता कुठे जायचं नाहीये. उजेड कुठून येतो, तिथून सुरू कर."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "डावीकडून," मी म्हटलं.